सुभेदारसाहेबांची व्याहीभेट

धनराज बच्छाव घरात असला तरी कळत नसे आणि नसला तरी कळत नसे. त्याची बायको आशा सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडे एक माणूस राहतो, तो मिक्सर दुरुस्त करतो." पाथर्डी फाट्याच्या त्यांच्या कॉलनीत हे पाठ झालं होतं. कुणाचा कुलर, कुणाची पाण्याची मोटर, कुणाची इस्त्री, काहीही नेऊन द्या, सुभेदारसाहेब उकलून बसतील. ज्या माणसानं उभी नोकरी लष्कराची हेलिकॉप्टरं उघडण्यात आणि जोडण्यात घालवली, तो निवृत्त झाल्यावर शेजारच्या कलाबाईंच्या कुलरचा पंप घासत बसायचा. त्याला त्यात कमीपणा वाटायचा नाही, आणि आनंद म्हणाल तर तोही नाही. राग येतो हो अशा माणसाचा! माणसानं कधीतरी एखादं भांडं आपटावं, निदान कपाळाला आठी तरी घालावी. धनराज तोंडावर माशी बसली तर ती उडवायचा, एवढीच काय ती हालचाल.

रूपाली त्याची एकुलती एक लेक, नाशिकमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. एका रविवारी जेवताना तिनं जाहीर केलं की तिनं मुलगा पसंत केलाय. आशाच्या हातातली वाटी हातातच राहिली. धनराज भाकरी मोडत होता, तो मोडत राहिला.

"अमित खैरनार. माझ्याच ऑफिसात आहे," रूपाली म्हणाली. "मूळचे आपल्याच सटाण्याकडचे. वडील आर्मीत होते, कर्नल म्हणून रिटायर झाले."

आता मात्र भाकरीचा तुकडा तोंडाकडे जाता जाता थांबला.

"हेलिकॉप्टरवाले?"

"हो, पायलट होते. तुम्ही ओळखता?"

"साहेब आमचे," धनराज म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

ओळखत होता म्हणजे काय! खैरनार आणि बच्छाव, दोघांची गावं सटाणा तालुक्यातली, मध्ये एक ओढा आणि थोडं शिवार. दोघांच्याही घरी कांदा नि बाजरी. खैरनार वयानं थोडे मोठे. त्यांना शाळेत एक गुरुजी असे भेटले, की त्यांनी लहान वयातच पोराला सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवलं. धनराजचे गुरुजीही वाईट नव्हते बरं का, पण त्यांनी त्याला खो-खोच्या संघात घातलं. बारावी झाल्यावर धनराज भरतीच्या मैदानावर धावला, गणितात मार्क बरे होते म्हणून तांत्रिक शाखेत गेला आणि इंजिन शिकला. खैरनार अधिकारी झाले, पायलट झाले. असे एकाच मातीतले दोघं दोन दारांनी आत गेले आणि पुढं एकाच हेलिकॉप्टरपाशी भेटले, एक ते उडवणारा आणि दुसरा ते उडण्याजोगं ठेवणारा.

खैरनार माणूस म्हणून चांगले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, आता साहेब दुष्ट निघणार. डोंगरातल्या तळावर, बर्फाळ वाऱ्यात, धनराजनं मशीनचं काम केलं की ते फिरून तपासायचे नाहीत. नियम म्हणून एक फेरी मारायचे, पण चेहऱ्यावर दिसायचं की नुसता नियम पाळताहेत. धनराज हवालदार असताना त्यांनीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बच्छाव, तू कमिशनच्या परीक्षेला बस. तुझ्यात आहे ते. मी लिहून देतो."

धनराज बसला नाही. "साहेब झालो तर पाना कोण धरील, सर?" असं काहीतरी तो म्हणाला आणि मेजर खैरनार हसले. पान्यावरचं प्रेम म्हणून तो बसला नाही, की मेसमधल्या काट्या-चमच्यांची आणि इंग्रजीची धास्ती म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पुढं तो सुभेदार झाला. खांद्यावर तारे त्याच्याही आले. पण सुभेदाराच्या ताऱ्यांखाली एक रंगीत फीत असते, हा शिपायातून वर आलेला, खरा अधिकारी नव्हे, असं सांगणारी. गावाला ती दिसत नाही, गाव म्हणतं, पोरगा साहेब झाला. छावणीत मात्र सगळ्यांना पहिल्यांदा तीच दिसते.

आणि एक रिवाज सांगायला हवा. हेलिकॉप्टर उडायच्या आधी मेकॅनिक त्याच्या समोर उभा राहतो. पाती गरगरायला लागली की असा वारा सुटतो की कपडे अंगाला चिकटतात आणि कानाला काही ऐकू येत नाही. पायलट आतून अंगठा दाखवतो. मेकॅनिक खाडकन सलाम करतो, पायलट उलटा सलाम करतो आणि मशीन वर उठतं. हा सलाम धनराजनं खैरनारांना इतक्यांदा केला होता, की तो करायला त्याला विचार लागत नसे. पुढं पुढं तर बाकीही कशाला विचार लागेनासा झाला. सकाळी उठ, मशीन उघड, मशीन बंद कर, सलाम कर. घरून फोन आला की बाप गेला, तेव्हाही त्यानं आधी हातातलं झाकण बसवलं, मग रजा मागितली. आत कुठंतरी काहीतरी हलायला हवं होतं. ते हललं नाही, आणि ते कधीपासून हलत नाही हे त्यानं कधी बघितलंही नव्हतं.

तर कर्नल खैरनार आणि त्यांची पत्नी ज्योत्स्नाबाई बैठकीला घरी आले. आशानं सोफ्यावर नवी कव्हरं घातली होती. कर्नलसाहेब दारातूनच "अरे बच्छाव साहेब!" म्हणत आत आले आणि सोफ्यावर बसले. अमित बसला, ज्योत्स्नाबाई बसल्या, आशा बसली. धनराज उभा.

"बसा हो, घर तुमचं आहे," कर्नल म्हणाले.

"हो सर," असं म्हणून धनराज आत गेला आणि पाण्याचा ट्रे घेऊन आला. आशा डोळे मोठे करून बघत राहिली. आतमध्ये मुलगी, तिची मामी, सगळ्या ट्रेपाशी उभ्या होत्या, त्यांच्या हातातून यानं ट्रे घेतला! ट्रे साहेबांपुढं धरला तो असा, की पाण्याचा थेंब हलला नाही. मग दिवाणाच्या टोकाला जेमतेम टेकला. साहेबांचा ग्लास रिकामा झाला की उठला. साहेबांनी पंख्याकडं बघितलं की उठला.

"बच्छाव साहेब, आता आपण व्याही होणार," कर्नल हसून म्हणाले. "सर-बिर सोडा आता."

"सोडलं, सर."

सगळे हसले. रूपाली दारात उभी होती, ती हसली नाही.

पाहुणे गेल्यावर ती त्याला गच्चीत घेऊन गेली. गच्चीवर आशानं कुरडया वाळत घातल्या होत्या, तिथं एका बाजूला दोघं उभी राहिली.

"बाबा, मला लग्नात एक हवंय."

"आई म्हणत होती, पाटल्या..."

"पाटल्या नकोत." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्हाला साक्षीचा वाढदिवस आठवतो? छावणीत असताना? तिचे वडील मेजर होते. बंगल्याच्या बागेत होता."

धनराजला काही आठवत नव्हतं. छावणीतल्या शाळेत साहेबांच्या आणि जवानांच्या मुली एकाच बाकावर बसायच्या, त्यामुळं असे वाढदिवस असायचे, एवढं त्याला माहीत होतं.

"तुम्ही मला न्यायला आलात. फाटकापाशी थांबलात. मग आत येऊन खुर्च्या उचलायला लागलात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

धनराजनं प्रामाणिकपणे विचार केला. "नसेल सांगितलं. खुर्च्या पडल्या असतील."

"साक्षीच्या आजीनं तुम्हाला घरात बोलावलं. हाताला धरून बोलावलं. तुम्ही चहा पायरीवर बसून प्यालात, आणि बागेच्या नळावर कप विसळून ठेवलात. बाबा, तुमचा कुणी अपमान केला असता ना, तर मी लहान असूनही भांडले असते. कुणी केलाच नाही. सगळी चांगली माणसं होती. तुम्हीच जाऊन पायरीवर बसलात. मला ते अजून झोपेत दिसतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धनराज ते बघत होता. या वेळी बापानं काय करायचं असतं हे त्याला आठवेना.

"मला एवढंच हवंय," रूपाली म्हणाली. "व्याहीभेटीला तुम्ही त्यांना माझे वडील म्हणून भेटा. सर म्हणू नका. सलाम ठोकू नका. सगळ्यांसमोर, दोन्ही हात पसरून, गळाभेट घ्या. मी बघणार आहे. त्या घरात मी सुभेदाराची मुलगी म्हणून नाही, त्यांच्या व्याह्याची मुलगी म्हणून जाणार आहे. एवढं कराल?"

"करतो."

"शब्द द्या."

"दिला," धनराज म्हणाला. खोटं नव्हता बोलला. त्याला खरंच करायचं होतं. कित्येक वर्षांत त्यानं स्वतःहून एखादी गोष्ट करायची ठरवली असेल, तर ती हीच.

मग घरात सराव सुरू झाला. हसू नका, खरंच झाला. आशाचा भाऊ झुंबर नांदगावहून लग्नाच्या कामाला येऊन राहिला होता, चांगला अंगापिंडानं भरलेला. आशानं त्याला कर्नल केलं. हॉलमधला टीपॉय बाजूला, झुंबर दाराकडून येणार, धनराज टीव्हीकडून, आणि मध्ये भेट.

पहिल्यांदा धनराजनं झुंबरला दोन्ही बगलांत हात घालून असा धरला, की झुंबर ओरडला, "दाजी, मिठी मारताय का पोतं उचलताय?"

"अहो, जरा हसा ना तोंडानं," आशा म्हणाली. "आणि म्हणा, या व्याही."

"या व्याही."

"भरतीला बोलवल्यासारखं काय म्हणता? प्रेमानं!"

रोज संध्याकाळी हा खेळ चालायचा. धनराजनं तेही कामासारखं केलं. पाय कुठं ठेवायचा, मान कुठल्या बाजूला न्यायची, पाठीवर थाप कधी द्यायची, सगळं बसवलं. लग्न जवळ आलं तोवर त्याची मिठी इतकी झकास झाली, की झुंबर म्हणाला, "दाजी, आता मलाच तुमचा व्याही व्हावंसं वाटतंय." रूपालीनं एकदा स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. ते हसू धनराजनं बघितलं. छातीत कुठंतरी, फार खोल, जरासं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. त्याला वाटलं, अॅसिडिटी असेल.

लग्न मे महिन्यातलं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. ऊन असं, की खुर्च्यांच्या दांड्यांना हात लावायची सोय नाही. सटाण्याहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. धनराजची आई भागीबाई पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसली होती, कानाला बहिरी पण नजरेला धारदार. माईकवर एक निवेदक होता, तो बाजार समितीचे आजी-माजी सगळे संचालक नावानिशी उरकल्याशिवाय लग्नाकडं वळेना. नवरदेव मारुतीला जाऊन मिरवत आला. मग एकदाचा निवेदक म्हणाला, "आता व्याहीभेटी! सर्वप्रथम वरपिता कर्नल खैरनारसाहेब आणि वधूपिता सुभेदार बच्छावसाहेब यांनी पुढं यावं!"

मंडपाच्या तोंडाशी लाल गालिचा अंथरला होता. धनराजला झुंबरनं स्वतःच्या हातानं भगवा फेटा बांधला होता. वर, नवरीच्या खोलीच्या कठड्यापाशी, रूपाली येऊन उभी राहिलेली त्यानं बघितली. पिवळी साडी, केस अर्धे झालेले, मागं पार्लरवाली क्लिपा घेऊन उभी. तिनं हात हलवला. धनराजनं मान हलवली. सगळं ठीक होतं हो! पाय बरोबर पडत होते. ओठांवर "या व्याही" तयार होतं. समोरून कर्नलसाहेब येत होते, क्रीम रंगाचा जोधपुरी, डोक्यावर गुलाबी फेटा, हातात उपरणं, चेहरा हसरा. त्यांनी चार पावलांवरून दोन्ही हात पसरले.

आणि लॉन्सच्या माणसानं पंखा लावला.

बिचाऱ्याचा काय दोष? पाहुणे घामेजलेले, दोन व्याही ऐन उन्हात उभे. त्यानं आपला पाण्याचे तुषार उडवणारा तो राक्षसी पंखा चालू केला आणि तोंड थेट गालिच्याकडं वळवलं. घरघर करत वारा आला. धनराजचा सदरा अंगाला चिकटला, कानात दुसरं काही ऐकू येईना, समोर खैरनारसाहेब.

टाचा जुळल्या. हात वर गेला. असा कडक सलाम, की फेट्याचा शेमला हलला नाही.

डोक्यावर काही नसलं ना, तर फौजी माणूस नुसता सावधान होतो, हाताचा सलाम करत नाही. फेटा होता, म्हणून हात गेला. धनराजला तो गेलेला कळला तेव्हा बोटं कपाळाशी पोचली होती. खाली आणायला हवा, हे कळत होतं. पण समोरून उलटा सलाम आल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, हेही त्या हाताला माहीत होतं. आणि समोरच्यालाही सवय होतीच की! पसरलेले हात मिटले, उपरणं गालिच्यावर पडलं आणि कर्नलसाहेबांचा उजवा हात वर आला.

 मग टाळ्या! अशा टाळ्या की काय विचारता. कुणीतरी "भारत माता की जय!" म्हणालं, मागून सगळी सटाण्याची मंडळी ओरडली. निवेदकानं माईक तोंडाशी घट्ट धरला. "बघा मंडळी, ही आपल्या सैन्याची शिस्त! मुलीच्या लग्नातसुद्धा विसर नाही!" बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मोबाईल वर झाले होते.

"एक नंबर, काका!" व्हिडिओवाला पळत पुढं आला. "पण ड्रोन दुसरीकडं होता. परत एकदा करा ना, सेम!"

"अरे, बस झालं," कर्नल म्हणाले. ते उपरणं उचलायला वाकत होते. पण लोक टाळ्या वाजवतच होते, निवेदक "पुन्हा एकदा, पुन्हा एकदा" करत होता, आणि धनराज तर सावधान उभाच होता. सांगितलं की करायचं. ड्रोन भिरभिरत वर आला. धनराजनं परत सलाम केला. कर्नलनी इकडंतिकडं बघितलं आणि परत उलटा सलाम केला.

"भेट तं झायीच नही रे, दादा!" पहिल्या रांगेतून भागीबाई मोठ्यांदा ओरडली. "गळा लाग ना त्याले!"

म्हातारी काहीतरी गमतीचं बोलली असं वाटून आजूबाजूचे हसले. निवेदकानं पुढचं नाव पुकारलं, "आता मामा-मामांची भेट!" आणि झुंबर पुढं होऊन नवरदेवाच्या मामाला अशी सुंदर गळाभेट देऊन आला, की बघत राहावं. धनराजला कुणीतरी हाताला धरून बाजूला घेतलं. त्यानं वर बघितलं. कठड्यापाशी पार्लरवाली एकटीच उभी होती.

आशा तावातावानं त्याच्याकडं आली. "काय केलंत हे? अहो, पोरीनं एवढी एक गोष्ट मागितली होती तुमच्याजवळ!"

"पंखा लागला," धनराज म्हणाला.

"काय?"

"तोंडावर पंखा लागला."

 इतकी वर्षं संसार केला होता तिनं, पण या उत्तराचं काय करायचं ते तिला कळेना. ती डोळे पुसत रूपालीकडं निघून गेली. धनराज तिथंच राहिला. त्याला लाज वाटायला हवी होती. निदान वाईट तरी. त्यानं वाट बघितली, पण काहीच येईना. नुसतं कळत होतं की शब्द मोडला, जसं मशीनमधला नट पडला हे आवाजावरून कळतं.

अक्षता पडल्या, मंगलाष्टकं झाली. जेवणाच्या वेळेपर्यंत तो सलाम सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता, खाली देशभक्तीचं संगीत लावून. जो येईल तो धनराजचा हात हातात घेऊन म्हणत होता, "सुभेदारसाहेब, काटा आला अंगावर!" धनराज प्रत्येकाला "जेवून जा" म्हणत होता.

कर्नल ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. वरण कालवायला लागले.

"बच्छाव साहेब, माझंही चुकलं," ते म्हणाले. "मी पुढं होऊन धरायला पाहिजे होतं तुम्हाला. हात आपोआप गेला. आणि परत कर म्हणाल्यावर मी नाही म्हणायला हवं होतं. अमितनं मला सांगितलं होतं, रूपालीच्या मनात काय आहे ते."

"काही हरकत नाही, सर."

"सर नका म्हणू हो."

"हो सर."

कर्नलनी घास खाली ठेवला. त्यांना खरंच लागलं होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. तिथं बसल्या बसल्याही त्यांना धनराजच्या खांद्याला कवेत घेता आलं असतं. हात थोडा उचललाही त्यांनी. पण तेवढ्यात धनराज त्यांच्यासाठी जिलबी आणायला उठला होता.

पाठवणीच्या वेळी ऊन उतरलं होतं. फाटकाशी फुलांनी सजवलेली गाडी उभी. आशा हमसून हमसून रडत होती. झुंबर रडत होता, कलाबाई रडत होत्या, भागीबाईनं तर नातीचे गाल धरून गळा काढला होता. रूपाली एकेकाच्या गळ्यात पडत पुढं येत होती. धनराज गाडीच्या दाराजवळ उभा होता. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीला. तो असा उभा आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

ती समोर आली. दिवसभर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. रागावली असेल, बोलेल काहीतरी, असं त्याला वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं. पण ती वाकून पाया पडली आणि उठून तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यात राग नव्हताच. तिला त्याची दया येत होती.

"बाबा, ते व्याहीभेटीचं जाऊ दे," ती म्हणाली. "मला तर भेटा."

"हो," धनराज म्हणाला. आणि हललाच नाही. त्याला हलायचं होतं. झुंबरबरोबर इतके दिवस केलेलं सगळं आठवत होतं, पाय, मान, थाप. हात मात्र शिवणीला चिकटून बसले होते.

रूपालीनंच पुढं होऊन त्याच्या गळ्यात हात टाकले. छातीला डोकं टेकवलं. तो ताठ. छावणीत वाढलेली पोर ती, तिला बापाची ही ताठ उभं राहण्याची रीत लहानपणापासून ठाऊक होती. तिनं टाचा उंचावून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि इतक्या मायेनं म्हणाली, की शेजारी उभ्या असलेल्या आशाचा हुंदका थांबला.

"बाबा, विश्राम."

धनराजला हुकूम कळला. डावा पाय बाजूला गेला आणि दोन्ही हात पाठीमागं जाऊन एकमेकांत अडकले.

रूपाली तशीच त्याच्या छातीशी थांबून राहिली. पाठीवर हात येईल म्हणून ती वाट बघत होती. मग अमितनं हळूच तिच्या खांद्याला स्पर्श केला, आणि ती गाडीत जाऊन बसली.